व्यसनविरोधी सप्ताहाचा आठवा दिवस

*ताई, नमस्कार. मी आठवीची वर्गशिक्षिका आहे, विषय विज्ञान. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे शौचालयात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडली. पालकांना बोलावलं, तर वडील सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर धावून गेले. मुख्याध्यापक म्हणतात, "काढून टाकू, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल." निर्णय सध्या लांबणीवर पडलाय. दरम्यान 'व्यसनविरोधी सप्ताह' घ्यायचं ठरलं आणि तो माझ्या गळ्यात आला. यादी तयारच आहे: पोस्टर स्पर्धा, काळ्या पडलेल्या फुफ्फुसांचे फोटो, व्यसनातून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांचं भाषण, पोलीस अधिकाऱ्यांचं मार्गदर्शन आणि शेवटी सामूहिक शपथ. यात चूक काय ते मला सांगता येत नाही, पण उपयोग होईल असं मनाला पटतही नाही. काही सहकाऱ्यांचं वेगळंच: "या विषयावर फार बोलू नका, मुलांना नसत्या कल्पना सुचतील." तो मुलगा आता वर्गात मान वर करून बघत नाही. मी काय करू?*
*— एक वर्गशिक्षिका*

नमस्कार बाई,

सप्ताहाचं नंतर बघू. आधी त्या मुलाचं.

त्याला काढू देऊ नका. मी हे दयेपोटी म्हणतेय असं मुख्याध्यापकांना वाटेल, म्हणून त्यांच्यासमोर एक आकडा ठेवा. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया इथल्या शाळांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमली पदार्थ सापडला की निलंबन, असं धोरण असलेल्या शाळांतल्या मुलांनी पुढच्या वर्षी गांजा ओढण्याची शक्यता १.६ पट निघाली. हा आकडा फक्त निलंबित झालेल्या मुलांचा नाही, त्या शाळांतल्या सगळ्याच मुलांचा आहे. जिथे अशा मुलाला शाळेच्या समुपदेशकाकडे पाठवत होते, तिथे हीच शक्यता जवळपास निम्म्याने कमी होती. जरब बसते, नाही असं नाही. पण ती पकडलं जाण्याची बसते, आणि मुलं दुसरं शौचालय शोधतात.

आता त्याच्याशी बोलायचं कसं? "का केलंस?" हा प्रश्न वगळा. याचं उत्तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडे नसतं. म्हणून तो मान खाली घालतो आणि आपण त्याला निगरगट्ट ठरवतो. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. केव्हा ओढतोस? एकटा की कुणाबरोबर? नाही मिळाली तर काय होतं? सकाळी उठल्या उठल्या हवीशी वाटते का? शेवटचा प्रश्न विसरू नका. जाग आल्यावर लगेच तलफ येत असेल तर मामला गंमत म्हणून ओढण्याच्या पुढे गेलाय आणि डॉक्टरांची गरज आहे. रोज न ओढणाऱ्या मुलांतही निकोटिनच्या सवयीची लक्षणं दिसू लागतात, हे बऱ्याच मोठ्यांना ठाऊक नसतं. व्हेप काढून घेतल्यानंतरचे काही दिवस तो चिडका, झोप न झालेला, अभ्यासात लक्ष नसलेला दिसेल. त्याला उद्धटपणा समजू नका.

वडिलांचं मला जास्त खटकलं. शाळेने बोलावलं आणि घरी जाऊन मार बसला, असं झालं की तो मुलगा पुन्हा कुठलीही गोष्ट शाळेत सांगणार नाही. पुढची भेट चारचौघांत नको. दार बंद करून, शांत वेळी, शक्यतो घरातल्या ज्या माणसाचं त्याला पटतं त्यालाही बोलावून घ्या. आणि घरी तो सुरक्षित आहे ना, एवढं त्याला एकट्याला जरूर विचारा.

अजून एक मोह होईल: असे सापडलेले चार-पाच जण एकत्र बसवून त्यांचा 'खास तास' घ्यायचा. घेऊ नका. अशी मुलं एकत्र आली की एकमेकांच्या फुशारक्यांना हसतात आणि ते हसू म्हणजे त्या वयात शाबासकी असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: सुधारावं म्हणून गटात बसवलेली मुलं पुढे इतरांपेक्षा जास्त सिगारेट ओढताना आढळली. अशा मुलाला एकेकट्याने भेटा, आणि खेळात किंवा उपक्रमात घालायचं झालं तर बरं चाललेल्या मुलांच्या घोळक्यात घाला.

आता सप्ताह.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा असे सप्ताह हौसेने केलेत, तेव्हा तुमच्या यादीला हसायचा मला हक्क नाही. आमच्याकडेही असेच एक गृहस्थ आले होते. फार छान बोलले. मुलं हसली, गहिवरली, टाळ्या वाजवल्या. मी खूश. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली आणि विचारती झाली, "बाई, म्हणजे नंतर सोडता येतं ना?" तासभराच्या भाषणातून तिने नेमकं एवढंच उचललं होतं, आणि तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. समोर उभा असलेला माणूस सुटलेला होता, धडधाकट होता आणि स्टेजवर त्याचा सत्कार चालला होता. जे सुटले नाहीत ते भाषणाला येत नाहीत. पोस्टर स्पर्धेचं म्हणाल, तर पहिला नंबर आला त्या चित्रातली सिगारेट बोटांत अगदी पट्टीच्या ओढणाऱ्यासारखी धरलेली होती. ते माझ्या लक्षात बक्षीस देऊन झाल्यावर आलं.

हा माझ्या एकटीचा फजितीचा अनुभव असता तर सोडून दिलं असतं. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांवर शिकवायचे. तो अमेरिकाभर पसरला, बाहेरच्या देशांतही गेला. पालक खूश, पोलीस खूश, शाळा खूश. १९९४ मध्ये त्याच्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावरचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मुलांची माहिती वाढली होती, वागणं तसंच होतं. पुढे त्या संस्थेने स्वतःचा अभ्यासक्रमच बदलला. अमली पदार्थांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं २०१३ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर ती सुधारून पुन्हा काढली. नुसती व्याख्यानं, भीती दाखवणं, व्यसनातून बाहेर आलेल्यांची कथनं, वर्गात पोलिसांचं शिकवणं: या साऱ्यांचा उपयोग दिसत नाही, काही वेळा अपायच होतो, असं ही मानकं सांगतात. तुमची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून बघा. बाई, तुमचं मन तुम्हाला खरं तेच सांगत होतं.

भीती का चालत नाही? तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हाला फोड करून सांगायला नको. मोह आणि थरार यांना दाद देणारा मेंदूचा भाग किशोरवयात जोरात असतो, आणि थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता पक्का होतो. चाळीस वर्षांनी काळं पडणारं फुफ्फुस आणि आत्ता, या क्षणी, तीन मित्रांसमोर होणारं हसू यांत आठवीतला मुलगा कशाला जास्त घाबरेल? शिवाय त्याने कुणाला ओढताना पाहिलेलं असतं आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी मरून पडलेला नसतो. एकदा फोटो खोटा वाटला की फोटो दाखवणाऱ्या बाईंचं बाकीचंही खोटं वाटायला लागतं.

तुमच्या सहकाऱ्यांची धास्ती मात्र अगदीच खुळी नाही. युरोपात चांगला चाललेला 'अनप्लग्ड' नावाचा अभ्यासक्रम ब्राझीलमध्ये नेला, तिथल्या शाळांत तो काटेकोर तपासला, तेव्हा तो शिकलेल्या मुलांत दारूची पहिली चव घेणारे कमी व्हायचे तर थोडे जास्तच निघाले. दारूविषयीचा भाग नंतर बदलावा लागला. म्हणून मी दोन गोष्टी अलग ठेवते. कोणता पदार्थ, कसा घेतात, घेतल्यावर काय वाटतं, घरातल्या कुठल्या वस्तूचा वास घेऊन नशा येते, हे वर्गात वर्णन करून सांगायचं नाही. अशा वस्तू शाळेत असतील तर मुकाट्याने कपाटात बंद करा, त्यावर तास नको. पण मित्राने पुढे केलेली गोष्ट नाकारायची कशी, रिकामा वेळ आणि वाईट दिवस निभवायचा कसा, यावर हवं तेवढं बोला. त्यातून कुणाला नसत्या कल्पना सुचत नाहीत.

बोला म्हणजे करून घ्या, हेही सांगते. न्यूयॉर्कचे गिल्बर्ट बॉटविन यांचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम यात सगळ्यांत जास्त तपासला गेलाय. सातवीत पंधरा तास, आठवीत दहा, नववीत पाच. एक सप्ताह नव्हे, तीन वर्षं! त्यांनी ५६ शाळांतली मुलं बारावीपर्यंत पाहिली आणि फरक टिकलेला दिसला. जिथे शिक्षकांनी अभ्यासक्रम गाळागाळ न करता घेतला तिथे तो ठळक होता. अभ्यासक्रम आणि त्याची परीक्षा एकाच माणसाने घेतली, ही टीका त्यांच्यावर होते आणि ती रास्त आहे. तरी गाभा घ्यावा असाच आहे: निर्णय घेणं, ताण उतरवणं, अनोळखी माणसाशी बोलणं, नाही म्हणणं. पदार्थांची नावं त्यात थोडीच येतात.

नाही म्हणण्याचा तास कसा घ्यायचा ते सविस्तर सांगते, कारण तिथेच आपण शिक्षक घसरतो. प्रसंग तुम्ही लिहू नका, मुलांना लिहू द्या. त्यांना तो तुमच्या-माझ्यापेक्षा नीट माहीत असतो. शाळा सुटलीय, तिघं सायकली धरून उभे आहेत, एकाने व्हेप पुढे केली: "घे रे, नुसती वाफ आहे." आता दुसऱ्याने काय म्हणायचं? आपण त्याच्या तोंडी घालतो, "मित्रा, हे आरोग्यास हानिकारक आहे." जगातला कुठलाही तेरा वर्षांचा मुलगा असं बोलत नाही, आणि बोललाच तर त्याची वर्षभर टिंगल होईल. मुलं स्वतः जे सुचवतात ते फळ्यावर लिहा. "नको यार, खोकला येतो." "मॅच आहे उद्या." "मी नाही घेत, तू घे." "चल, उशीर झाला, निघतो." सबब चालेल. थाप चालेल. तिथून पाय काढता आला म्हणजे झालं, तिथे भाषण ठोकायची गरज नाही. मग जोड्या करून प्रत्येकाने म्हणायचं, दोन-तीनदा, तोंडात बसेपर्यंत. बाकावर बसून दुसऱ्याचं नाटक बघण्याने काही होत नाही. आणि तिसरा, जो नुसता सायकल धरून उभा आहे, त्याच्यावर वेळ घालवा. वर्गातली बहुतेक मुलं तीच असतात. त्याने नुसतं "सोड ना त्याला" म्हटलं तरी दुसऱ्याचं काम निम्मं हलकं होतं.

एक बारीक सूचना: व्हेप पुढे करणाऱ्याची भूमिका वर्गातल्या विनोदी मुलाला देऊ नका. तो बाजी मारून जातो. ती भूमिका तुम्हीच करा, आणि जरा वाईट करा.

दुसरा तास चिठ्ठ्यांचा. वेस्ली पर्किन्स आणि अॅलन बर्कोविट्झ या अमेरिकन संशोधकांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांबद्दल दाखवलं की इतर किती दारू पितात याचा त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा फुगलेला असतो. शाळेतही तेच दिसतं. "सगळेच करतात" हे वाक्य बऱ्याच सुरुवातींच्या मुळाशी असतं. तेव्हा बिननावाच्या, फक्त खूण करायच्या छापील चिठ्ठ्या द्या. प्रश्न दोन: तुझ्या मते दहापैकी किती जणांनी गेल्या महिन्यात ओढली? आणि तू ओढलीस का? सगळ्या तुकड्या एकत्र करा म्हणजे कुणी ओळखू येणार नाही, आणि अक्षरावरून चोर शोधायचा विचारही मनात आणू नका. आधी चिठ्ठ्या स्वतः मोजा. अंदाज सात आणि खरा आकडा एक असेल तर फळ्यावर मोठ्ठा लिहा. खराच आकडा मोठा निघाला तर तो वर्गात जाहीर करायचा नाही, मुख्याध्यापकांच्या खोलीत न्यायचा.

तुमच्या शाळेला प्राथमिक वर्ग जोडलेले असतील तर तिथल्या बाईंना एक खेळ सांगा. १९६९ मध्ये पहिल्यांदा छापून आलेला हा 'चांगल्या वागणुकीचा खेळ' अगदी साधा आहे: वर्गाचे गट पाडायचे, नियम फळ्यावर, आणि ठरावीक वेळेत ज्या ज्या गटाकडून ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी वेळा नियम मोडले जातील ते सगळे गट जिंकले. बाल्टिमोरमध्ये १९८५ च्या सुमारास पहिलीच्या मुलांना तो खेळवला. ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर लहानपणी मारकुट्या, दांडगट असलेल्या मुलग्यांत व्यसनाच्या तक्रारी लक्षणीय कमी होत्या. त्या खेळात व्यसन हा शब्द एकदाही येत नाही.

इथेच मला तुमच्या मुख्याध्यापकांशी बोलावंसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतून आलेल्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यात म्हटलंय की माणसं जिथे शिकतात, काम करतात, खेळतात, प्रेम करतात, तिथल्या रोजच्या जगण्यात आरोग्य घडतं. 'आरोग्यवर्धक शाळा' ही कल्पना त्यातूनच पुढे आली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात नव्वदच्या दशकात 'गेटहाऊस' नावाचा प्रयोग २६ शाळांत झाला; काही शाळांत तो राबवला, बाकीच्या तुलनेसाठी ठेवल्या. त्यांनी व्यसनांवर मोहीम काढली नाही. मुलांना शाळेत सुरक्षित वाटतं का, कुणाशी बोलता येतं का, आपली कुणी दखल घेतं का, एवढंच विचारलं आणि जिथे उत्तर 'नाही' आलं तिथे शाळेने स्वतःत बदल केले. सिगारेट ओढणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या मुलांचं प्रमाण इतर शाळांपेक्षा तीन ते पाच टक्क्यांनी कमी राहिलं. डोळे दिपवणारा आकडा नाही. पण मला तो खरा वाटतो तो त्यामुळेच.

तुमच्या शाळेत हे म्हणजे काय? त्या शौचालयापासून सुरुवात करा. तिथे मोठ्या सुट्टीत लहान मुलं जायला घाबरतात का? दिवे चालू असतात का? वर्गात नापास होणाऱ्या, कुठल्याच संघात नसलेल्या मुलाला शाळेत करण्यासारखं काय आहे? आणि शिक्षकांपैकी कुणी फाटकाबाहेर सिगारेट ओढत असेल, तर तो सगळ्या मुलांना माहीत आहे हे गृहीत धरा. नियम शाळेच्या आवारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू हवा. हा मुद्दा शिक्षकसभेत काढताना तुम्ही एकट्या पडाल. आधी दोघा-तिघांना विश्वासात घ्या.

हे सगळं कोण करणार? तुमच्याकडे पेपर तपासायचे गठ्ठे पडलेत हे मला कळतं. बिहारमधल्या शाळांत नववीच्या मुलांसाठी आरोग्याचा एक कार्यक्रम दोन तऱ्हांनी राबवला गेला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक होते, काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवलं होतं. २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: समुपदेशकांच्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारलं, शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक नालायक होते असा याचा अर्थ मी लावत नाही. आधीच भरलेल्या ताटात वाढलं की सांडतं. तेव्हा "बाई, तुम्हीच बघा" याला लगेच हो म्हणू नका. आठवड्यातले दोन तास मोकळे करून मागा, किंवा हेच काम करणारं माणूस मागा.

पालकांसाठी आइसलँडची गोष्ट ठेवा. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्याभरात दारूच्या नशेत होती. २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ वरून ३ टक्क्यांवर आली. त्यांनी काय केलं? खेळ, संगीत, नाच यांचे वर्ग सगळ्यांच्या आवाक्यात आणले, पालकांनी आपसात ठरवून रात्री मुलं बाहेर फिरणार नाहीत असं बघितलं, आणि दर वर्षी मुलांना बिननावाचे प्रश्न विचारून प्रत्येक शाळेला तिचा आरसा दाखवला. त्याच काळात इतर देशांतही किशोरवयीन मुलांचं पिणं उतरत होतं, तेव्हा सगळं श्रेय या उपायांचं असं मी म्हणणार नाही. तरी पालकसभेत फुफ्फुसांच्या फोटोऐवजी एवढा एक प्रश्न टाका: शाळा सुटल्यापासून घरात मोठं माणूस येईपर्यंत तुमचं मूल कुठे असतं, कुणाबरोबर? शेजारी बसलेल्या पालकाचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का? त्या वडिलांनाही बोलवा, पण पहिल्या रांगेत बसवू नका.

सप्ताह रद्द करा म्हणून भांडू नका, हराल. मुख्याध्यापकांना अहवालात लिहायला काहीतरी लागतं, तेही माणूसच आहेत. बॅनर राहू दे, शपथही राहू दे, तिने काही बिघडत नाही. फुफ्फुसांचे फोटो तेवढे वगळा. त्या गृहस्थांना मुलांसमोर नको, पालकांसमोर उभं करा. मोठ्यांना त्यांचं ऐकण्यासारखं खूप आहे, विशेषतः घरच्यांनी लपवालपवी केल्याने किती वर्षं वाया गेली ते. पोलीस अधिकाऱ्यांना शाळेबाहेर काय विकलं जातं ते विचारा आणि त्यांचं काम तिथे करू द्या. वर्गातले रिकामे झालेले तास तुमचे: एक चिठ्ठ्यांचा, एक सायकलींचा.

आणि आठव्या दिवशी पोस्टरं उतरवावी लागतील. त्या कामाला त्या मुलाला थांबवून घ्या. व्हेपचा विषय काढू नका. शिडी धरायला सांगा, सुतळी सोडवायला सांगा, अधेमधे काहीबाही विचारा. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर उद्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसायच्या आहेत म्हणून सांगा. सहा महिन्यांनी मला पुन्हा लिहा. सप्ताह कसा झाला ते नको, तो कसा आहे ते लिहा.

— ताई